फाईलच्या पोटातलं नाव

सोमवार, कार्तिक सरत आलेला. जागा: गोंदियात बाजाराच्या मागच्या गल्लीतलं ऑनलाईन सेंटर. हजर: मी, माझे चुलत दीर, ज्यांची आणि आमची धानाची बांधी एकाच नाल्याला लागून आहे, सेंटरचे मालक, आणि आमच्या बचत गटातली एक बाई, जी राईस मिलमध्ये कामाला जाते. तिने यायचं नाही असं ठरलं होतं. तरी ती आली, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, आणि प्रिंटरच्या आडोशाला स्टुलावर बसली.

ही मिल उसना, म्हणजे उकडा, तांदूळ काढते. धान उकडून झालं की उरलेलं काळं पाणी मागच्या पाईपातून नाल्यात सोडते, आणि नाल्यातून ते आमच्या धानात येतं. बाहेरून कोणी पाहायला आलं तर पाईपवर पोती टाकलेली असतात. त्या बाईची आई त्याच नाल्याकाठी राहते. आईच्या विहिरीला वास यायला लागला तेव्हा हिने स्वतःहून मिलच्या आत फोटो काढले आणि मला आणून दाखवले.

मिलविरुद्धच्या आमच्या तक्रारीवर सुनावणी लागली होती. पुरावे त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मेलने पाठवायचे होते, आणि त्यांची एक प्रत मिलवाल्यांनाही जाणार होती, हे आम्हाला आधीच सांगितलेलं. मिलवाल्यांनी फोटो पाहावेत, त्यासाठीच तर ते काढले. पण कोणी काढले हे त्यांना कळता कामा नये. कळलं तर तिचं काम जाईल. तिचा नवरा तिथेच हमाल आहे, त्याचंही जाईल.

कामाचा क्रम मी घरूनच लिहून आणला होता: आधी फोटो, मग जबाब, मग तपासणी, मग मेल.

"व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो कसे पाठवले होतेस?" मी तिला विचारलं.

"डॉक्युमेंट करून. दादानंच सांगतलं, साधे पाठवले तं धुरकट येतात म्हणून."

"मंग?" दीर म्हणाले. "पुरावा आहे, लग्नाची पत्रिका नाई. साफ नको का दिसाले?"

साधे पाठवले असते तर फोटोंसोबतची बरीचशी माहिती व्हॉट्सअ‍ॅपनेच काढून टाकली असती. साफ दिसावेत म्हणून सगळीच्या सगळी सोबत आली. मालकांनी एका फोटोचे तपशील उघडले. फोनची कंपनी, मॉडेल, तारीख, वेळ, आणि खाली ठिकाणाचे आकडे. ते आकडे नकाशात टाकले, तर खूण बरोबर मिलच्या मागच्या भिंतीवर येऊन बसली.

"देखो मॅडम, ये तो बता रहा है कहाँ खड़े होकर लिया."

प्रिंटरमागून ती हळू आवाजात म्हणाली, "त्या टायमाले मांगं आम्ही तिघीच राहतो."

मालकांनी सगळे फोटो एकदम निवडले, गुणधर्मांच्या चौकटीत जाऊन वैयक्तिक माहिती काढून टाका या ओळीवर क्लिक केलं आणि नव्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये घेतल्या. आम्ही एकेक उघडून पाहिला. मॉडेल नाही, वेळ नाही, ठिकाण नाही. फाईलच्या नावातही तारीख होती. ती काढून साधे क्रमांक दिले. फोटोत कुठे तिची सावली, बांगडी, ओढणी आली आहे का, तेही पाहिलं. एकात भिंतीवर सावली होती. तो वगळला.

"आपल्या तिघांच्या जबाबांचं काय?" मी विचारलं.

"उसमें क्या रहेगा मॅडम. मीच टाईप केले. मजकुरात कोठे यांचं नाव नाही, मिलमधील एक कामगार एवढंच आहे. पीडीएफ बन गया."

"वहिनी, टाका आता पाठवून," दीर म्हणाले. "तुमी तं पाहुन्याच्या ताटातला भातही मोजसान."

माझी एक सवय आहे. कागद कोणाकडे जाणार असेल तर त्याच्या जागी बसून तो एकदा पाहायचा. मी मालकांना म्हटलं, मिलच्या ऑफिसात मुनीम उघडेल तसं उघडा, मोठ्या स्क्रीनवर. त्यांनी तिचा जबाब ब्राउझरमध्ये उघडला. मजकूर ठीक होता. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग नजर वर गेली. पानाच्या वर, जिथे फाईलचं शीर्षक येतं त्या पट्टीवर, तिचं नाव होतं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट.

मालकांनी दुसरा जबाब उघडला, माझ्या दिरांचा. वर तिचंच नाव. माझा उघडला. माझ्याही जबाबावर तिचंच नाव.

ती स्टुलावरून उठून स्क्रीनजवळ आली. तिला वाचता येतं. "माहं नाव कायले आलं इथं?"

मालक सांगताना थोडे अडखळले. आमच्याकडच्या सगळ्याच सेंटरमध्ये कोणी कोरी फाईल उघडत नाही. जुना अर्ज उघडायचा, आतलं पुसायचं, त्यावर नवं टाईप करायचं. समास, फॉन्ट, तहसीलचा मायना सगळं तयार मिळतं. मागच्या वर्षी तिने मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी इथेच अर्ज केला होता. जबाब टाईप करताना हाताशी तीच फाईल होती. आतलं सगळं पुसलं. पण पहिल्यांदा सेव्ह करताना फाईलने शीर्षक म्हणून तिचं नाव पोटात घेतलं होतं, ते तसंच राहिलं आणि पीडीएफमध्ये गेलं.

"आमच्याइथं सब ऐसाच करते," ते म्हणाले.

"तुमी लोक करता," ती म्हणाली, "आन भोगाले आमी."

साडेचार होऊन गेले होते. मालकांनी मूळ फाईल्स उघडल्या, दस्तऐवज तपासणीत जाऊन लेखक, शीर्षक, टिपा, जुने बदल सगळं काढलं, पुन्हा पीडीएफ केलं. मी प्रत्येक फाईल आधी ब्राउझरमध्ये आणि मग तिच्या गुणधर्मांमध्ये पाहिली. मध्येच नेट गेलं. मालकांनी आपल्या फोनवरून जोडलं. ती माझ्या खुर्चीमागे उभी होती आणि प्रत्येक फाईल उघडली की विचारत होती, "यात नाई ना, ताई?" मी म्हणत होते, नाही. शेवटच्या फाईलपर्यंत तिने विचारणं सोडलं नाही.

मेल पाचच्या आत गेला. मालकांनी चहा मागवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दीर बऱ्याच वेळापासून फोन खाली-वर करून राहिले आहेत.

"काय झालं, भाऊजी?"

"सकाळी एक टाकला होता. ग्रुपवर."

आमच्याकडे तक्रारीचा कागद ऑफिसात जाण्याआधी भाऊबंदांना दाखवायची रीत आहे. पूर्वी पारावर वाचून दाखवायचे, आता ग्रुपवर टाकतात. मालकांनी आधीच पाठवलेला आपला जबाब दिरांनी सकाळी तिथे टाकला होता. पहिली प्रत, तिचं नाव पोटात असलेली. आणि त्या ग्रुपवर त्यांच्या साळ्याचा मुलगाही आहे. तो त्याच मिलचा ट्रक चालवतो.

"डिलीट करा, सगळ्यांकडून," मी म्हटलं.

"केलं." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "पन त्यानं पाह्यलं आहे. दुपारीच."

वाचून झालेला निरोप पुसला, तरी उतरवून घेतलेली फाईल समोरच्याच्या फोनमध्ये राहू शकते. फोनवर ते शीर्षक सहसा कोणाच्या नजरेत येत नाही. पण त्याने ती मुनिमाला पुढे पाठवली आणि मुनिमाने ऑफिसच्या स्क्रीनवर उघडली, तर पहिल्यांदा दिसेल ते तिचं नाव.

दिरांनी तिथूनच त्याला फोन लावला. फोन बंद. तांदूळ घेऊन रायपूरकडे गेला आहे, असं त्याच्या घरून सांगितलं.

ती स्कार्फ पुन्हा बांधत होती. दिरांकडे न बघता म्हणाली, "दादा, तुमचे भाऊबंद तुमच्यापाशी. माही सकाळची पाळी आहे." आणि जिना उतरून गेली.

त्याला महिना उलटला. रोपांसाठी उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकून झाले. सुनावणीची पुढची तारीख अजून यायची आहे. नाल्याला काळं पाणी कमी दिसतं, पण येतं. ती अजून मिलमध्ये जाते. मुनीम तिला काही बोललेला नाही. मात्र मागच्या आठवड्यापासून तिला मागच्या बाजूचं काम देत नाहीत, समोर पोती शिवायला बसवतात. कारण कोणी सांगितलेलं नाही. तिने विचारलेलं नाही. मी तिला भेटते तेव्हा ती पहिल्यांदा एकच विचारते, "भेटला का तो?"

ट्रकवाला अजून भेटला नाही. दिरांना तो नंतर फोनवर म्हणाला होता, "काका, काहाडून टाकतो." टाकली की नाही, हे त्याचा फोन हातात घेतल्याशिवाय कळणार नाही, आणि त्याच्याशी नात्यातलं बोलणं दिरांनीच करायला हवं. देवरीच्या नाक्याजवळच्या ढाब्यावर तो गाडी थांबवतो, असं कळलं आहे. मी आणि दीर दोनदा जाऊन आलो. एकदा गाडी होती, तो नव्हता. त्या सोमवारच्या माझ्या कागदावर बाकी सगळ्यावर खूण आहे. त्याच्या फोनमधली फाईल तेवढी बघायची राहिली आहे.