तपकिरी रेष

पिस्कॅटवे या अमेरिकी गावातल्या आमच्या लॅबमध्ये पोटाच्या कॅन्सरच्या स्लाइड रंगवणारे एक नागपूरचे काका आहेत. एकेक काच ट्रेमध्ये ठेवताना ते हळूच म्हणतात, "या, बसा." काचेवरचा तुकडा कुणाच्या तरी पोटातला आहे, हे ते कधी विसरत नाहीत.

पेशींच्या अंगावर साखर जोडलेलं एक प्रथिन असतं. ते पेशींना एकमेकींना धरून ठेवतं. रंगवल्यावर त्याची तपकिरी रेष दिसते, बाकी सगळं निळं. ते गेलं की पेशी सुटतात आणि कॅन्सर पसरतो, असं मला माझ्या पीएचडीत दाखवायचं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घाई फार.

परवा एका काचेवर रेष दिसेचना. नुसतं निळं.

"काका, मस्त! पूर्ण गेलंय!" मी ओरडले.

"थांबा ना, प्रोफेसरबाई. माझाच हात चुकला असेल. वय काय या पेशंटबाईचं?"

मी नोंद पाहिली. "अठ्ठावीस."

माझ्याएवढीच. काकांनी चहा तसाच ठेवला आणि त्याच तुकड्याचा नवा काप रंगवायला घेतला. पुन्हा निळं. तिसऱ्यांदा, रंग नीट चढतोय ना ते कळावं म्हणून, त्यांनी गाठीच्या कडेचा निरोगी भागही घेतला. मिनिटं मोजताना त्यांचे ओठ हलत होते. मला पहिल्यांदाच वाटलं, काका चुकलेलेच असोत.

कडेला तपकिरी रेष ठसठशीत उमटली. गाठीत एकही नव्हती.

काका उठले, मायक्रोस्कोपपुढची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "नाही चुकलो," म्हणाले.

माझा निकाल बरोबर आला होता, आणि मला त्या खुर्चीत बसवेना.