न रडणारी पोर

हात मोडलेलं पोर रडत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. नव्वदच्या दशकात मी मुरबाडकडच्या एका लहानशा दवाखान्यात नर्स होते. स्वभावाने संशयी. सगळे चिडवायचे, "बाई ताकसुद्धा फुंकून पितात." पितेच! तोंड पोळलंय ना एकदा.

एका दुपारी धसईच्या पलीकडच्या पाड्यावरून एक आई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बैलगाडीवरून पडून मुलीचं कोपराजवळचं हाड सरकलेलं, आणि पोर खांद्यावर गपगार. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"काय पाजलंस गो हिला?"

"नाय वो बाई. पाणी पन नाय दिला."

मी पोरीच्या तोंडाशी नाक नेलं. तोंडात लिमलेटची गोळी! ती आधी काढून टाकली. पाणी नाही, मग गोळी कशाला? आणि त्या वासाखाली आणखी कसलासा वास होता.

हाड बसवायला डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन भरलं होतं. मी म्हटलं, "थांबा. हिला मोहाची दारू दिली असणार. दोन्हींची गुंगी एक झाली तर श्वास थांबेल."

"आई नाही म्हणते ना? तुम्हाला आपले वासच येतात!" ते हसले. इंजेक्शन दिलं, हाडही बसवलं.

मी मात्र पोरीच्या पोटावर हात ठेवून बसले. बोटाला लावून प्राणवायू मोजायचं यंत्र आमच्याकडे तेव्हा कुठलं! पोट वर, खाली, वर, खाली. मग खाली गेलं ते वर येईचना. ओठ जांभळे पडले.

"डॉक्टर!" मी किंचाळले. हनुवटी उचलली, तोंडावर मास्क दाबून धरला आणि हवेचा फुगा दाबत सुटले. डॉक्टरांचं हसू कुठल्या कुठे पळालं. बऱ्याच वेळाने पोरीने आपला आपण श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

मग मी आईवर उखडले. "आता तरी खरं बोल!"

"मोहाची पाजली थोडी. लय दुखला का आमच्यात देतात."

"मग मघाशी का लपवलंस?"

"थोरल्याला अशीच पाजून आनला तवा तुमी वरडल्या, सगल्यांसमोर. म्हनल्या, परत दिली तर पोलिसांना सांगीन."

म्हटलं होतं मी. फुगा अजून माझ्या हातातच होता.