पुढची गाडी

अवजड माल वाहणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे ‘तोफ’ म्हणत. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तिचा थोरला भाऊ जमिनीलगतचा लांबलचक ट्रेलर चालवायचा, आणि ती त्याच्यापुढे छोटी गाडी घेऊन वाट मोकळी करत जायची. तिच्या गाडीच्या टपावर एक लवचिक काठी उभी असे, मागच्या मालापेक्षा टीचभर उंच. काठी कशाला लागली, की मागच्यानं जागीच थांबायचं. नियम एवढा साधा.

त्या दिवशी ट्रेलरवर पोकलेन होतं. निघताना ती म्हणाली, “दादा, मागची साखळी सैल आहे.”

“तू पुढचं बघ. मागचं मी बघतो.”

बडबडत तिनं स्वतःच साखळी आवळली.

रेल्वेच्या पुलाखाली काठी खाडकन वाजली. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला होता. रस्ता वर आला, पूल होता तिथेच राहिला. तिनं वॉकीटॉकी उचलला. “थांब दादा. काठी लागली.”

“अगं, गेल्याच महिन्यात इथून गेलोय.”

“थांब म्हणते ना.”

तो थांबला नाही. पोकलेनचा हात पुलावर आदळला, साखळ्या करकरल्या आणि ट्रेलर एका अंगावर कलून अडकला. साखळ्यांनी तग धरला, म्हणून शेजारून चाललेलं दुचाकीवरचं नवरा-बायकोचं जोडपं वाचलं.

मालक धावत आले. तिच्या तोंडावर दादा म्हणाला, “हिनं सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मी काय वेडा आहे पुढे जायला?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्याही सख्ख्या भावाच्या. ती काही बोलायच्या आत मालकांनी तिला घरी बसवलं.

“जाऊ दे गं,” आई म्हणाली. “आपलेच दात, आपलेच ओठ.”

“मग दरवेळी ओठ माझेच का फाटतात? लहानपणी काच त्यानं फोडायची, मार मी खायचा. आता माणसं चिरडली असती, आई.”

दुसऱ्या दिवशी तिनं ट्रेलरच्या मागची गाडी चालवणाऱ्या काकांना गाठलं. “तुमच्याही वॉकीटॉकीवर सगळं ऐकू आलं होतं. मालकांपुढे दातखीळ बसली का तुमची?”

काकांनी मान खाली घातली. “भावा-बहिणीच्या भांडणात मी कशाला पडू?”

“भांडण कसलं? त्या दुचाकीवरच्या बाईच्या अंगावर पोकलेन पडलं असतं, तरी हेच म्हणाला असतात?”

काका निमूटपणे तिच्याबरोबर मालकांकडे गेले.

मालकांनी तिला कामावर परत घेतलं आणि दादाला ट्रेलरवरून उतरवून यार्डात साखळ्या धुवायला लावलं. संध्याकाळी तो तणतणत घरी आला. “झालं समाधान?”

“नाही. तू माझ्यावर ढकललंस, ते तुझ्या तोंडून अजून आलेलं नाही.”

ते आलंच नाही. काही महिन्यांनी त्याला ट्रेलर परत मिळाला, तेव्हा मालकांनी तिला विचारलं, त्याच्यापुढे जाशील का. ती म्हणाली, “जाईन. पण मी थांब म्हटल्यावर ब्रेक लागला नाही, तर तो माझा शेवटचा दिवस.”

आता ती ‘थांब’ म्हणते आणि तो थांबतो. वॉकीटॉकीवर दोघं कामापुरतं बोलतात. घरी मात्र तो जेवायला बसला की ती ताट घेऊन उठते. आई विचारते, किती दिवस चालायचं हे?

“त्याला विचार,” ती म्हणते, आणि दार आपटून आत जाते.