व्यंकटीमामांचं चांदीचं पाणी

कंधारच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत व्यंकटी गायकवाड एकतीस वर्षं शिपाई होते. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. काचेची भांडी धुणं, प्रयोगाचं सामान मांडून देणं हे त्यांचं काम. शिक्षण आठवीपर्यंत, पण प्रयोग कुठं चुकतोय हे त्यांना आधी कळायचं. एकदा ते बोलून गेले, तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "व्यंकटी, तू भांडी धू." त्यानंतर मामा कधी बोलले नाहीत.

ते निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्यांच्या बायकोच्या, नागुबाईंच्या, तळपायाला खिळा लागला. त्यांना शुगर होती, जखम भरेना. तशात मामांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. चांदीच्या दोन तारा पाण्यात सोडून बॅटरी जोडायची, ते पाणी प्यायचं, जखमेवर ओतायचं, कसलीही जखम बरी होते म्हणे. नागुबाईंनी पायातले तोडे काढून दिले. सराफानं त्याच्या तारा ओढून दिल्या.

पहिलं पाणी गढूळ झालं. एका तारेवर काजळी धरायची आणि गळून खाली पडायची. मामांना प्रयोगशाळेतलं मातीचं सच्छिद्र भांडं आठवलं. वीज त्यातून जाते, गाळ मात्र जात नाही. दोन तारांच्या मध्ये तसाच पडदा हवा होता, आणि मामा त्याच्या मागे लागले. धोतराचं फडकं लावलं, त्यातून काजळी पाझरली. उदबत्तीच्या पुड्यावरचा चकचकीत कागद लावला, तर वीजच अडली. अंड्याच्या आतला पापुद्रा सोलता सोलता फाटला. खाटकाकडून बकऱ्याच्या मूत्राशयाची पिशवी आणून ताणली, ती दोन दिवसांत नासली. शेवटी कुंभाराकडून एक बोळकं आणलं, विटेच्या तुकड्यानं घासून घासून पातळ केलं आणि काजळी धरणारी तार त्यात ठेवली. बाहेरचं पाणी नितळ राहिलं, हलकं पिवळसर.

"नागू, बघ, जमलं!" मामा ओरडलेच.

नागुबाई रोज ते पाणी पिऊ लागल्या. जखमेवरही तेच. मामाही प्यायचे, चांगले दोन दोन ग्लास. डॉक्टरकडं जाणं बंद झालं. लेक लुंबिनी लातूरला एका दवाखान्यात नर्स होती. ती फोनवर विचारायची, तेव्हा मामा सांगायचे, "सुधरून राहिलंय."

असं वर्ष गेलं. वर्षभर रजा न मिळालेली लुंबिनी बुद्धपौर्णिमेला घरी आली आणि दारातच थबकली. घरात वास भरला होता. तिनं पट्टी सोडली. दोन बोटं काळी पडली होती, सूज घोट्याच्या वर गेली होती.

"माय, दुखत न्हवतं का तुला?"

"पाय बधिर झालाय की. वास येत हुता मला बी."

"मग बोलली का न्हाई?"

नागुबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "लई खूश हुते गं ते. जलमात पहिल्यांदा सोताचं कायतरी जमलं हुतं. मी कसं म्हनू?"

मामा भिंतीला टेकून खाली बसले.

लातूरला नागुबाईंचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. सह्या घेताना डॉक्टरांनी मामांचा चेहरा उजेडाकडं वळवून पाहिला. कातडी राखेसारखी निळसर झाली होती, नखंसुद्धा. शेजारीपाजारी त्याला उन्हाचा रंग समजत होते. डॉक्टर म्हणाले, "चांदी अंगात बसलीय तुमच्या. हा रंग आता जायचा नाही."

गेल्या हिवाळ्यात मामा मला कंधारच्या बसस्टँडवर भेटले. आधी मी ओळखलंच नाही. हे सगळं त्यांनीच सांगितलं, काही न लपवता. मी म्हणालो, "मामा, पडदा मात्र तुम्ही डोकं लावून केला होता."

"तेवढंच बराबर हुतं, पोरा. पानी नितळ झालं म्हून मी ते औषध समजून बसलो."

नागुबाईंना ते रोज सकाळी उचलून अंगणात आणून बसवतात. लुंबिनीचा दर रविवारी फोन येतो. आईशी बोलणं झालं की नागुबाई म्हणतात, "थांब, ह्यांना देते," आणि फोन पुढं करतात. मामा तो कानाला लावतात. पलीकडून थोडा वेळ दवाखान्यातली गडबड ऐकू येते, मग लुंबिनी फोन कट करते.