इंगाअक्काची बोली

धुळ्याच्या बाजारात एखादा नवा भाजीवाला इंगाअक्काचा गोरा चेहरा बघून हिंदीत भाव सांगायचा. अक्का वांगं हातात फिरवत म्हणायची, "भाऊ, अहिराणीमा सांग. मी आठलीच शे." तो वांगी तोलायचं विसरून तिच्याकडे बघत राहायचा.

ती खरंच इथलीच होती. तिचे आईवडील स्वीडनहून मिशनच्या कामासाठी धुळ्यात आले आणि इथेच तिचा जन्म झाला. आई सतत आजारी, म्हणून तिला वाढवलं कंपाउंडात काम करणाऱ्या सकूने. अक्का बोलायला लागली ती सकूच्या अहिराणीत. स्वीडिश नंतर शिकली. नर्सिंगसाठी स्वीडनला गेली, शिकून परत आली आणि पन्नासहून जास्त वर्षं मिशनचं मुलींचं वसतिगृह सांभाळलं. लग्न केलं नाही.

मी त्या वसतिगृहात गेले तेव्हा आठ वर्षांची होते. आई नुकतीच गेली होती. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारातच विचारलं, "बाई, मनी पोरले बाटाडशात तं नही ना?"

"भाऊ, येशूले काही घाई नही," अक्का म्हणाली. "हिना डोकामा उवा शेतस, त्या पहिले काढू."

आई गेल्यापासून नाना पहिल्यांदा हसले. मी मात्र रडतच होते. अक्काने कळण्याची भाकर आणि भरीत माझ्या पुढ्यात ठेवलं. "पहिले खाई ले, मंग रड. उपाशीपोटी रडानं नही." जेवल्यावर तिने मला खरंच रडू दिलं. घरी सगळे मला गप्प करत होते. ही शेजारी बसून माझ्या उवा काढत राहिली.

तशी ती गोड बाई नव्हती. अंथरुणाची घडी वाकडी दिसली तर पुन्हा घालायला लावायची. भजनं बेसूर आणि मोठ्याने म्हणायची. पण तापात कण्हणाऱ्या मुलीच्या उशाशी तीच असायची.

ती ऐंशीला टेकली तेव्हा तिचा इथे राहण्याचा परवाना पुढे वाढला नाही. कारण कुणी सांगितलं नाही. दर खिडकीवर ती म्हणायची, "साहेब, माझा जन्म इथला आहे," आणि दर खिडकीवर समोरचा माणूस तिच्या पासपोर्टाकडे बोट दाखवायचा. मी तेव्हा जळगावात शिक्षिका होते. स्वीडनला जाण्याआधीचे शेवटचे दोन दिवस ती माझ्याकडे राहिली. स्टेशनवर म्हणाली, "चार महिनामा येस मी." मी मान डोलावली. ती परत येणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं. वर्षभरात वसतिगृहही बंद पडलं.

सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा. मग कमी झाला, मग थांबला. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तिच्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो इंग्रजीत सांगत होता : अक्का वृद्धाश्रमात आहे, तिची स्मृती गेली आहे. स्वीडिश विसरली, इंग्रजीही विसरली. दोन आठवडे एकच काहीतरी ओरडते आहे. हिंदी जाणणारा एक माणूस आणला, त्यालाही कळलं नाही. माझा नंबर तिच्या बायबलात सापडला.

त्याने फोन तिच्यासमोर धरला. चेहरा मूठभर झाला होता.

"तीस लागनी वं माय. तीस लागनी."

"पाणी!" मी ओरडले. "तिला तहान लागली आहे. पाणी द्या!"

ती घटाघटा प्यायली. तिथले लोक तिला दोन आठवडे शांत राहायच्या गोळ्या देत होते. माणसं वाईट नव्हती. त्यांना शब्द कळत नव्हता.

पानी, भूक, थंडी, दुखस... मी शब्दांची यादी करून पाठवली. त्यांनी ती भिंतीवर लावली. मी रोज शाळा सुटल्यावर फोन करू लागले. ती मला सकू समजायची. "सकू, आठे कोनीच मनासंगे बोलत नही. माले घर लई चाल." यादीत मी 'घर' हा शब्द लिहिलाच नव्हता. लिहून तरी काय झालं असतं?

"कवय येशी?" ती विचारायची.

"सकाय येस, पोरी." उद्या येते. रोज मी हेच सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिला आदला दिवस आठवत नसेल अशी आशा करायचे. मी खरंच जायचं ठरवलं होतं. पासपोर्टसाठी अर्जही केला. पासपोर्ट हातात पडण्याआधीच अक्का गेली.

भाच्याने एक रेकॉर्डिंग पाठवलं. शेवटच्या सकाळी ती हेच पुन्हा पुन्हा म्हणत होती, अंत्यविधीत ते सांगायचं आहे, अर्थ कळवाल का, असं त्याने विचारलं होतं.

शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून मी ते ऐकलं. बारीक, लहान मुलीसारखा आवाज होता.

"सकू, तू उनी नही. सकू, तू उनी नही."

तू आली नाहीस.

मी भाच्याला उत्तर लिहिलं : ती देवाचे आभार मानते आहे.

पाद्र्यांनी चर्चमध्ये तेच वाचून दाखवलं. सगळ्यांना फार समाधान वाटलं, असं भाच्याने कळवलं.