न वाचलेला अर्ज

सूनबाईनं कामावरून फोन केला. "बाबा, बसलायत ना? लिनचा टेक्स्ट आलाय. तिचे डॅड गेले... हॉस्पिटलमध्ये, आज सकाळी. फ्युनरल पुढच्या थर्सडेला आहे. मी हाफ डे टाकते, आपण दोघं जाऊ." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. त्याला आता सात आठवडे होतील. इथं इंग्लंडात, वॉटफर्डमध्ये मला मुलगा आहे, सून आहे, नातवंडं आहेत. पण मित्र एकच होता. तो चीनमधल्या एका प्रांताचा उपगव्हर्नर होता, असं पुण्यात कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे काळजीनं बघतात.

मी त्यांना तानसाहेब म्हणायचो. प्रांताचं नाव लिहू नका, असं लिननं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, बजावलं आहे. तिचा भाऊ अजून तिथं सरकारी नोकरीत आहे.

आमची गाठ पडली लायब्ररीतल्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात. माझं इंग्रजी सरकारी टिपणीपुरतं, त्यांचं त्याहून बेताचं. घरात बसून कंटाळलेल्या दोन म्हाताऱ्यांना मुलांनी तिथं नेऊन सोडलं होतं. बाईंनी कागद वाटले. तानसाहेबांनी ते आधी टेबलावर ठोकून चारी बाजूंनी सारखे केले, कोपऱ्यात तारीख टाकली आणि मगच वाचायला घेतले. उभी हयात महसूल खात्यात काढून उपजिल्हाधिकारी, पुनर्वसन म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? "तुम्ही सरकारी," मी म्हणालो. "तुम्हीही," ते म्हणाले. झाली मैत्री.

मग दर मंगळवारी वर्ग सुटला की आम्ही कालव्याच्या काठानं चालायचो. त्यांची सगळी कारकीर्द मी तिथंच थोडी थोडी ऐकली. पाटबंधाऱ्याचं शिक्षण घेतलेल्या या पोराला सरकारनं आधी एका डोंगरी गावात धाडलं. तिथं शाळामास्तरांच्या घरात तीन हिवाळे काढले. टायफॉइडमध्ये मास्तरांच्या आईनं रात्रंदिवस उशाशी बसून त्यांना वाचवलं. पुढं तालुका, जिल्हा, शहर असं करत ते प्रांताच्या राजधानीत पोचले, आणि साऱ्या प्रांताचं पाणी त्यांच्या हाती आलं. "गाडीला पडदे आले," ते एकदा म्हणाले, "तेव्हापासून मला रस्ता दिसला नाही." कालव्याच्या लॉकवर, म्हणजे बोटी वरखाली नेण्यासाठी पाणी अडवणाऱ्या दरवाजांपाशी, मात्र ते हटकून थांबत. कुणी हौशी बोटवाल्यानं झडप घाईनं उघडली की चिनी भाषेत असं काही पुटपुटत की त्या गोऱ्याला अर्थ कळत नसला तरी तो ओशाळायचा. उपगव्हर्नरपणाची तेवढीच एक खूण उरली होती.

एका मंगळवारी बाकावर बसून त्यांनी वर्गातल्या कागदाच्या पाठीमागं नावांची एक उभी यादी काढली आणि एका नावाभोवती गोल केला. त्यांच्याकडे फाईल अशी फिरते. यादीतला प्रत्येक साहेब आपल्या नावाभोवती गोल करतो आणि फाईल पुढं सरकवतो. शेरा न लिहिता गोल केला म्हणजे मंजुरी. मी म्हटलं, "आमच्याकडे लघुस्वाक्षरी. रोग तोच." ते हसले नाहीत.

एका धरणाचे दरवाजे बंद करण्याची फाईल त्यांच्याकडे आली होती. आत बुडणाऱ्या गावाचा अर्ज होता. गावकऱ्यांनी घरं सोडली होती. त्यांचं मागणं एवढंच, की पूर्वजांच्या कबरी उकरून अस्थी वर न्यायच्या आहेत, तोवर पाणी अडवू नका. खाली सही त्याच शाळामास्तरांची. तानसाहेबांना त्या दिवशी बैठकीला जायचं होतं. त्यांनी अर्ज उघडलाच नाही, गोल केला. पाणी चढलं. ज्या बाईनं त्यांना वाचवलं तिची कबर पाण्याखाली गेली. गावाला सांगितलं गेलं की हुकूम वरून होता. अर्ज तानसाहेबांनी वाचला तो निवृत्तीच्या वेळी, खोली रिकामी करताना.

"मास्तर अजून आहेत," ते म्हणाले. "त्यांना लिहावं असं वाटतं. लिन म्हणते, आता कुणाचं भलं होणार आहे त्यानं? उलट भावाला त्रास होईल." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुमच्या हातून कधी असं झालं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. तो विषय पुन्हा निघाला नाही. आम्ही पुढंही दोन वर्षं चाललो, लॉकवर थांबलो, थर्मासमधला चहा प्यायलो... पण एवढा मोठा माणूस माझ्यासमोर उघडा झाला आणि मी कोटाची बटणंसुद्धा काढली नाहीत, हे मला दर मंगळवारी टोचत राहिलं. उद्या सांगू म्हणता म्हणता त्यांना हॉस्पिटलात नेलं.

अंत्यविधीनंतर लिननं मला त्यांच्या खोलीत नेलं. एक पलंग, एक टेबल, खिडकीतून दिसणारी शेजाऱ्यांची बाग. "अंकल, मला आता कळलं," ती म्हणाली. "मार्चमध्ये डॅड एकटेच पोस्टात गेले होते. मला विचारलं नाही." टेबलावर पत्राची प्रत होती. तिनं थांबत थांबत वाचून दाखवली. चारच ओळी. अर्ज माझ्याकडे आला होता. मी तो वाचला नाही. वरून हुकूम नव्हता. तो गोल माझा होता. मी विचारलं, उत्तर आलं का? नाही आलं. "पण पोस्टातून आल्यावर ते खूप जेवले," लिन म्हणाली आणि रडू लागली. मलाही आवरलं नाही.

त्यांच्या खुर्चीत मी थोडा वेळ बसलो. मला त्यांना जे सांगायचं होतं ते ऐकायला आता ते नाहीत, म्हणून इथं लिहितो. वर्तमानपत्राची ही पुरवणी आमच्या जिल्ह्यात जाते. धरणामुळे उठून सड्यावरच्या, उघड्या कातळावरच्या नव्या गावठाणात आलेल्या मंडळींनी, निदान त्यांच्या मुलांनी, हे वाचावं. तुमच्या विहिरीला बारमाही पाणी आहे, असा अहवाल तलाठ्यानं लिहून आणला होता. मी जीपमधून उतरलो नाही. विहीर पाहिली नाही. फेब्रुवारीपासून तुमच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन घाट उतरत होत्या, तेव्हा पाऊस कमी झाला असं तुम्हाला सांगितलं गेलं. पाऊस नेहमीएवढाच झाला होता. अहवालाखालची सही माझी आहे.