आबासाहेबांच्या मिशीवरची बुरशी

शांतादेवींना माणसं फारशी आवडत नसत, आणि संग्रहालयाचे विश्वस्त तर त्यांच्या लेखी माणसांत मोडतच नसत. गडहिंग्लजच्या कापड दुकानदाराची ही मुलगी जुन्या वस्तू जपायचं शास्त्र बडोद्याला शिकून आली आणि कोल्हापुरातल्या एका खाजगी संग्रहालयात प्रमुख म्हणून लागली. ढाली, पालख्या, पैठण्या, तैलचित्रं असा तिथला ऐवज. इमारत दगडी, भिंती हातभर जाड. पावसाळ्यात खिडक्या बंद, ओल्या छत्र्या दाराबाहेर. उन्हाळ्यात सकाळची गार हवा आत घेतली की ऊन चढायच्या आत दारं लोटायची. एवढ्यावर बाईंनी नव्वदचं दशक काढलं. विजेचं बिल काय ते दिव्यांचं.

मग विजयसिंह अध्यक्ष झाले. साखर कारखान्याच्या निवडणुकीत आपटलेल्या माणसाला कुठंतरी खुर्ची द्यायची म्हणून ही दिली होती. ढाल कुठली आणि परात कुठली हे त्यांना पाटी वाचून कळायचं.

"बाई, ह्ये काय गोदाम हाय व्हय?" पहिल्याच बैठकीत ते गरजले. "पावणं घामानं बेजार हुत्यात. एसी बसवा की!"

"रात्रंदिवस चालवणार असाल तर बसवा," शांतादेवी म्हणाल्या. "दिवसा चालू, संध्याकाळी बंद, असं नको. गार पडलेल्या चित्राला बाहेरची दमट हवा लागली की ते पाणी धरतं. कापड सैल पडतं, पुन्हा ताणतं, मग रंग सुटतो. वस्तूंना गारवा नको असतो, एकसारखी हवा हवी असते."

"रात्रंदिवस? मग लाईट बिल काय तुमच्या पगारातनं कापू?"

सगळे विश्वस्त हसले. विजयसिंह हसले की हसायचं, एवढंच त्यांचं काम होतं.

एसी बसले. त्याच आठवड्यात विजयसिंहांनी घरून आपल्या वडिलांचं, आबासाहेबांचं, भलंमोठं तैलचित्र आणलं. फेटा, झुपकेदार मिशा, हातात काठी. ते एसीच्या अगदी तोंडासमोर टांगून घेतलं. "आबास्नी उन्हाळा सोसत नव्हता," ते म्हणाले.

बाईंनी एकदा सांगून झालं होतं. मूर्खाला तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांनी शिपाई ज्ञानूला हाताशी घेऊन जुनी चित्रं आणि पैठण्या मागच्या, एसी नसलेल्या दालनात हलवल्या.

"आणि आबासायेब?" ज्ञानूनं विचारलं.

"त्यांना राहू दे. त्यांना गारवा आवडतो."

पावसाळा लागला. दुपारी भारनियमन, संध्याकाळी एसी बंद, वर फरशी पुसायला दारं सताड उघडी. श्रावणात विजयसिंह शाहूवाडीकडच्या पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा आबासाहेब जुन्या बाजेसारखे सैल पडले होते आणि मिशीवर पांढरी, लवदार बुरशी चढली होती.

"आबांची मिशी फोटूत बी पिकली की!" एक पाहुणा बोलून गेला.

"कुणी केलं ह्ये?" विजयसिंह ओरडले.

"तुम्ही."

"मग तवाच का सांगितलं न्हाईसा?"

"सांगितलं होतं. तेव्हा तुम्हाला माझा पगार आठवला."

या वेळी कुणी हसलं नाही. विजयसिंह चित्राजवळ गेले, बोट लावायला निघाले आणि हात मागे घेतला. "आबा नीट हुतील न्हवं, बाई?" त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. बाईंना क्षणभर त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

हिवाळाभर त्या आबासाहेबांपाशी बसल्या. बुरशी कोरड्या कुंचल्यानं झाडली, कापड ताणलं, सुटलेल्या खपल्या चिकटवल्या. डावी मिशी मात्र अर्धी गेली ती गेलीच. नव्यानं रंगवून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. "जे उरलंय ते जपणं माझं काम. नव्या मिशा रंगवणं नाही." एसी निघाले आणि अध्यक्षांच्या मंगल कार्यालयात जाऊन बसले.

पुढं दोन-तीन वर्षांनी वीज वाचवणाऱ्या संस्थांचा सत्कार झाला. शाल अर्थातच विजयसिंहांच्या खांद्यावर पडली. "जाड भिंती असताना एसी कशाला, ही आयडिया माझीच!" ते माईकवरून सांगत होते, आणि विश्वस्त टाळ्या वाजवत होते.

"बाई, उठून बोला की तुमी!" ज्ञानू शेजारून तडफडत होता.

"कुणाशी?" शांतादेवी म्हणाल्या. पर्स उचलून त्या भाषण अर्ध्यात टाकून स्टँडकडं निघाल्या. शनिवार होता, गडहिंग्लजच्या गाडीला खिडकीची जागा मिळाली.